कोशांतला पहिला शब्द

परकी भाषा शिकण्याची बुद्धि मनुष्यास कोणत्या वयांत होईल याचा नेम नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना ती विसाव्या वर्षींही होत नाहीं. आम्हांला ती पंचावन्नाव्या वर्षीं झाली, आणि तीही ज्ञानाच्या तहानेनें झाली असें म्हणण्याची सोय नाहीं. आमची एकुलती एक कन्या शिक्षणासाठीं इटलींतील बोलोन्या शहरीं गेली, तेथेंच तिनें आपला संसार मांडला, आणि आम्हांस ज्या विहीणबाई लाभल्या त्यांना इटालियनवांचून दुसरी भाषा येत नाहीं. त्या प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. व्याही पूर्वींच निवर्तलेले. लग्नाच्या वेळीं तीन दिवस आम्ही आणि विहीणबाई समोरासमोर बसून एकमेकांकडे पाहून हंसलों, ताटांतल्या पदार्थांकडे बोट दाखवून माना डोलावल्या, आणि जें कांहीं खरोखर बोलावयाचें होतें तें न बोलतांच आम्ही परत आलों.

घरीं आल्यावर आम्हीं निश्चय केला कीं आभाराचें पत्र इटालियनमध्यें आणि स्वतःच लिहावयाचें. कन्या म्हणाली, "बाबा, तुम्ही इंग्रजींत लिहा, मी त्यांना वाचून सांगेन." खिशांतल्या यंत्रालाही आतां भाषांतर येतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या मनुष्यानें एका पानाच्या पत्रासाठीं मुलीचें किंवा यंत्राचें तोंड पाहावें, हें आमच्या अभिमानास रुचेना. हिशेब तर सोपा दिसत होता. इंग्रजी आम्हांस येतें, इंग्रजी-इटालियन कोश बाजारांत मिळतो. तेव्हां पत्र आधीं इंग्रजींत लिहावें आणि सराफाच्या पेढीवर नाणीं बदलून घ्यावीं तसे एकेक शब्द कोशांतून बदलून घ्यावे. चार महिने व्याकरणाचें पुस्तक चाळून क्रियापदें चालविण्यापुरती तयारी केली, आणि पत्र टपालांत टाकलें.

महिन्याभरानें उत्तर आलें. त्या उत्तरानें आमच्या हिशेबांतल्या तीन चुका दाखवून दिल्या. पहिल्या दोन हंसण्यासारख्या होत्या, तिसरी नव्हती.

पहिली चूक 'टाइम' या शब्दाची. तुमच्याकडे आमचा वेळ फार आनंदांत गेला, असें आम्हांला म्हणावयाचें होतें. इंग्रजी रीतीनें तो 'गुड टाइम' झाला. कोशांत 'टाइम'पुढें पहिला शब्द होता 'तेम्पो'. आम्हीं 'बुऑन तेम्पो' लिहून मोकळे झालों. परंतु 'तेम्पो' म्हणजे जसा काळ, तशीच हवाही. विहीणबाईंच्या हातीं जें वाक्य पडलें त्याचा अर्थ 'तुमच्या गांवीं आम्हांस हवा उत्तम लाभली' असा होत होता. लग्न नोव्हेंबरांतलें. तिन्ही दिवस पाऊस खळला नव्हता. बोलोन्यांत रस्त्यांच्या कडेनें, घरांच्या पोटांतूनच, कमानींच्या ओसऱ्या गेलेल्या आहेत. त्या साऱ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात, आणि २०२१ सालीं युनेस्कोनें त्यांना जागतिक वारशाच्या यादींत घेतलें आहे. त्या ओसऱ्या होत्या म्हणून आमचें वऱ्हाड कोरडें राहिलें. विहीणबाईंनीं लिहिलें होतें कीं, आपल्या देशांत चार महिने पाऊस पडतो असें वाचलें होतें. त्यालाच आपण उत्तम हवा म्हणतां हें कळून समाधान झालें.

दुसरी चूक 'प्ले'ची. आमची कन्या लहानपणापासून पेटी वाजविते, हें कौतुकानें कळवावयाचें होतें. कोशांतला पहिला शब्द 'जोकारे', म्हणजे खेळणें. वाजविण्याला इटालियनांत 'सुओनारे' म्हणतात, आणि नाटकांत काम करण्याला आणखी तिसराच शब्द आहे. त्यामुळें आमची सुशिक्षित मुलगी अजून पेटीशीं खेळत असते असें पत्रांत उमटलें, आणि विहीणबाईंनीं तें खेळणें केवढें आहे म्हणून विचारणा केली.

तिसरी चूक सांगण्यापूर्वीं थोडें मागें जावें लागेल. कन्येनें आपला विचार प्रथम कळविला तेव्हां आम्हीं विरोध केला नाहीं. परंतु संमति दिली ती एका इंग्रजी शब्दानें. आम्ही म्हणालों, 'फाइन.' ह्या शब्दाचा अर्थ उत्तम असाही होतो, बरें आहे असाही होतो, आणि बोलणाऱ्याच्या आवाजावरून, कर तुला काय वाटेल तें, असाही होतो. इटालियन कोशांत तर ह्या शब्दाखालीं 'मुल्ता' म्हणजे दंड हाही अर्थ दिलेला आहे. त्या वेळीं आमच्या मनांत यांतला कोणता अर्थ होता हें आम्हीं स्वतःलाही विचारलें नाहीं. सुशिक्षित घरांतल्या मनुष्यांना ही एक सोय आहे. जें मराठींत म्हणण्याचा धीर होत नाहीं तें इंग्रजींत म्हणून टाकावें. राग, क्षमा आणि प्रेम हीं तिन्ही आमच्या घरीं बहुधा इंग्रजींतच व्यक्त होतात.

आतां पत्रांत आम्हांला लिहावयाचें होतें कीं मुलगी दूर गेल्यानें तिची उणीव भासते. इंग्रजींत ह्याला 'मिस' हें क्रियापद. कोश उघडला. गाडी चुकली तर 'पेर्देरे', नेम चुकला तर 'मांकारे', आणि पुढें बारीक टाइपांत आणखी बरेंच कांहीं. आम्हीं पहिला शब्द उचलला. 'पेर्देरे'चा मूळ अर्थ गमावणें. आमच्या सहीनिशीं विहीणबाईंना कळलें तें असें : आम्ही आमची मुलगी गमावीत आहों.

पावसाची आणि पेटीची थट्टा आटोपल्यावर त्यांचें उरलेलें सारें पत्र ह्या एका वाक्याविषयीं होतें. त्यांनीं तें तीनदां वाचलें होतें. एका घरानें मिळवावें म्हणून दुसऱ्या घरानें गमावलेंच पाहिजे असें त्या मानीत नव्हत्या. आपल्या मुलानें परदेशीं बिऱ्हाड केलें असतें तर आपल्यालाही असेंच वाटलें असतें, असें त्यांनीं मोठ्या सरळपणानें लिहिलें होतें. आणि मग एक वाक्य होतें : हें वाक्य आपण सुनेला दाखविलें, तिनें तें वाचलें, पण त्यांत चूक आहे असें ती म्हणाली नाहीं.

आम्ही कोश घेऊन बसलों. आधीं साहजिकच सारें खापर कोशावर फोडावेंसें वाटलें. परंतु कोशकारांचा दोष काय? डॉक्टर जॉन्सननें १७५५ सालीं आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, त्यांत 'टेक' ह्या एका क्रियापदाचे १३४ अर्थ नोंदविले आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत 'सेट' ह्या शब्दाचे ४३० अर्थ आहेत. इंग्रजींतला भारदस्त शब्द बहुधा एकाच अर्थाशीं एकनिष्ठ असतो; जे शब्द पोर सुद्धां बोलतें, तेच शंभर घरचे पाहुणे. त्यांतून इंग्रजीनें शब्दांचे जुने प्रत्यय झडूं दिल्यामुळें तेंच रूप नाम म्हणूनही चालतें आणि क्रियापद म्हणूनही चालतें. जॉन्सनचा स्नेही ज्युझेप्पे बारेत्ती हा ट्यूरिनचा मनुष्य लंडनांत येऊन राहिला होता. त्यानें १७६० सालीं इंग्रजी-इटालियन कोश प्रसिद्ध केला, आणि त्याची अर्पणपत्रिका स्वतः जॉन्सननें लिहून दिली. एका बाजूला एक शब्द आणि दुसऱ्या बाजूला दहा, त्यांतला एक तरी पहिला लिहावाच लागतो. आणि आमच्यासारखा घाईचा वाचक पुढें वाचीत नाहीं, त्याला बारेत्तीनें काय करावें?

आमच्या सौभाग्यवतींनीं कोशाकडे पाहिलेंही नाहीं. विहीणबाईंनीं पत्राखालीं सहीपूर्वीं 'कोन्सुओचेरा' असा शब्द लिहिला होता, तो आम्ही शोधीत होतों. कोशाच्या इटालियन भागांत तो सांपडला. परंतु त्याच्यापुढें इंग्रजी प्रतिशब्दच नव्हता. आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या सासूशीं आपलें जें नातें, तें दाखविणारा शब्द, असें एक लांबलचक वाक्य होतें. आम्हीं तें मोठ्यानें वाचलें. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे विहीण. त्यासाठीं एवढें कशाला?" आणि थोडें थांबून म्हणाल्या, "अहो, त्यांना काय सांगायचें आहे तें आधीं मला मराठींत सांगा पाहूं."

आम्ही सांगूं लागलों. "तिच्यावांचून घरांत चुकल्याचुकल्यासारखें होतें," हें वाक्य तोंडांतून गेलें आणि आम्ही थबकलों. दर रविवारीं फोनच्या शेवटीं आम्ही कन्येला 'मिस यू' म्हणत असूं. हें वाक्य तिला कधींच म्हटलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं पत्राचा मसुदा मराठींत केला आणि मग कोशाकडे वळलों. आश्चर्य असें कीं ज्या शब्दांनीं आम्हांला चार महिने छळलें होतें ते एकामागून एक आपोआप सुटे होऊं लागले. इंग्रजींत 'वुड' एकच. आमच्याकडे तुळईचें तें लाकूड, चुलींत घालावयाचें तें सरपण, आणि झाडांचें तें रान. इटालियनांतही तीन, 'लेन्यो', 'लेन्या' आणि 'बोस्को'. 'ग्लास' एकच, पण काच ती 'वेत्रो' आणि पेला तो 'बिक्किएरे'. 'नेल' एकच, पण खिळा 'किओदो' आणि नख 'उंग्या'. 'फ्री' एकच; पण मोकळा तो 'लीबेरो' आणि फुकट तें 'ग्रातिस'. एखादी गोष्ट ठाऊक असणें निराळें आणि एखाद्या मनुष्याशीं ओळख असणें निराळें, हा भेद इंग्रजीच्या एका क्रियापदांत बुडून जातो. इटालियनांत पहिल्यास 'सापेरे' आणि दुसऱ्यास 'कोनोशेरे' म्हणतात. आणि तो आमचा वैरी 'टाइम' : वेळ गेला तो 'तेम्पो', किती वाजले ही 'ओरा', आणि दोन वेळां किंवा तीन वेळां म्हणावयाचें तेव्हां 'वोल्ता'. मराठींतून निघालों असतों तर पेटीशीं कोणी खेळलें नसतें.

वाक्यरचनेंतही तोच अनुभव आला. इंग्रज आवडण्याच्या व्यापाराचा स्वतःच कर्ता होऊन बसतो. आम्ही म्हणतों 'मला आवडतें', आणि इटालियन म्हणतो 'मी प्याचे'. गंमत अशी कीं त्याच्या 'मी'चा अर्थ 'मला' असाच आहे. उणीव भासण्याचेंही तसेंच. विहीणबाईंनीं सुधारून पाठविलेलें वाक्य होतें 'ची मांका'. 'ची' म्हणजे आम्हांला, 'मांका' म्हणजे ती उणी पडते. जी दूर आहे तीच त्या वाक्यांत कर्ती असते. मागें राहिलेल्यांनीं चतुर्थींत उभें राहावयाचें.

हें साम्य आमच्याच लक्षांत आलें असें नाहीं. फिलिप्पो सास्सेत्ती नांवाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी १५८३ सालीं हिंदुस्थानांत आला, कोचीन व गोवें येथें राहिला, आणि १५८८ सालीं गोव्यासच वारला. त्यानें १५८५ च्या एका पत्रांत मायदेशीं कळविलें होतें कीं इकडच्या विद्वानांच्या भाषेंतले सहा, सात, आठ, नऊ हे आंकडे, तसेच देव आणि सर्प हे शब्द, आपल्या भाषेशीं जुळतात. विल्यम जोन्सचें कलकत्त्याचें सुप्रसिद्ध व्याख्यान १७८६ चें. त्याच्याआधीं दोनशें वर्षें ही गोष्ट एका व्यापाऱ्याच्या कानाला कळली होती. आम्हांला तर ह्या दोन बहिणींचें बोबडेपणही सारखेंच वाटतें. संस्कृत 'सप्त'चें प्राकृतांत 'सत्त' झालें, तसें लॅटिन 'सेप्तेम'चें इटलींत 'सेत्ते' झालें. 'अष्ट'चें 'अट्ठ', तसें 'ओक्तो'चें 'ओत्तो'.

परंतु एवढ्यावरून मराठी आणि इटालियन ह्यांची सोयरीक सर्वस्वी जुळली असें समजूं नये. घराची 'फिनेस्त्रा', आगगाडीची 'फिनेस्त्रीनो', दुकानाची 'वेत्रीना' आणि तिकिटांची 'स्पोर्तेल्लो' ह्यांपैकीं घर, आगगाडी आणि तिकिटें ह्या तिन्ही ठिकाणीं आम्ही खिडकीच म्हणतों. आमचा 'हात' खांद्यापासून बोटांपर्यंत एकच. त्यांना 'ब्राच्चो' आणि 'मानो' असे दोन लागतात. उलट नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची ह्या सहा जणांना तिकडे 'निपोते' ह्या एकाच शब्दांत कोंबलेलें आहे, आणि इतिहास व गोष्ट ह्या दोहोंना ते 'स्तोरिया' म्हणतात, हें तर आमच्या इतिहासाच्या प्राध्यापक-मित्रांना मुळींच आवडलें नाहीं. प्रत्येक भाषा आपलीं गांठोडीं आपल्या रीतीनें बांधते. 'मिस'च्या बाबतींत तर मराठी इंग्रजीच्याच बाजूला गेली : आमची गाडीही चुकते, नेमही चुकतो, आणि माणूस दूर गेलें म्हणजे चुकल्यासारखेंही वाटतें.

आमचा हा गर्व उतरविण्याचें राहिलेलें काम जांवईबापूंनीं केलें. ते कन्येकडून मराठी शिकत आहेत. त्यांनीं फोनवर विचारलें कीं 'लागणें' ह्याला इटालियनांत एक शब्द सांगा. भूक लागते, ठेंच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, सुपारी लागते, वाटेंत गांव लागतें आणि मुलीला माहेरची ओढ लागते. आम्ही बराच वेळ विचार करून, "पुढच्या रविवारीं सांगतों," असें म्हणालों. ते रविवार अजून येत आहेत.

दुसऱ्या पत्राच्या शेवटीं पुन्हां एक अडचण आली. इंग्रजी पत्राच्या शेवटीं 'लव्ह' लिहून मोकळें होतां येतें, मग तें पत्नीला असो वा मामीला. आम्हीं त्याचें 'आमारे' हें क्रियापद चालवून ठेविलें होतें. ह्या वेळीं शहाणपणानें आधीं कन्येला वाचून दाखविलें. ती इतकी हंसली कीं फोन खालीं ठेवावा लागला. मग म्हणाली, "बाबा, हें आईला लिहा. विहीणबाईंना 'वोलेर बेने' लिहायचें." त्याचा शब्दशः अर्थ बरें इच्छिणें. तुमचें बरें व्हावें अशी आमची इच्छा आहे, हें आमच्या आईनेंही प्रत्येक पत्राच्या शेवटीं लिहिलेलें आम्हांस आठवतें. त्याला प्रेम म्हणतात हें ती कधीं म्हणाली नाहीं.

ते हंसणें ओसरल्यावर आम्हीं कन्येला 'मिस यू' म्हटलें नाहीं; तुझ्यावांचून घरांत चुकल्याचुकल्यासारखें होतें, असें म्हटलें. पलीकडे कांहीं वेळ शांतता होती.

"मग तेव्हां 'फाइन' कां म्हणालात?" ती म्हणाली.

आम्हीं सांगितलें कीं तेव्हां आम्हांला वाईट वाटत होतें, आणि तसें सांगितलें तर तूं जाणार नाहींस अशी भीतीही वाटत होती.

"मराठींत म्हणायचें होतें, बाबा. मी गेलें असतें, पण वर्षभर असा विचार करीत बसलें नसतें."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिनेंच पुढें पेटीचा विषय काढला, आणि भाता फाटला आहे तो तिकडे कोण दुरुस्त करील ह्याची चौकशी केली.

विहीणबाईंचें दुसरें उत्तर गेल्या आठवड्यांत आलें. 'ची मांका' हें वाक्य त्यांनीं सुनेला दाखविलें, आणि ह्या वेळीं ती बोलली, एवढेंच त्यांनीं लिहिलें आहे. पुढें एक विनंती आहे. आतांपर्यंत आपण एकमेकांना 'लेई' म्हणजे आपण म्हणत आलों. ह्यापुढें 'तू' म्हणूं या. इटालियन 'तू' आणि मराठी 'तू' हे एकच. इंग्रजीच्या 'यू'च्या आड ही अडचण तीस वर्षें आम्हांला दिसलीही नव्हती. विहीणबाईंना 'तू' म्हणावयाचें ह्या कल्पनेनेंच आमच्या सौभाग्यवतींनीं तोंडाला पदर लावला. परंतु आग्रह मोडवेना. आम्हीं उत्तरांत 'तू' लिहिलें आहे. लिहून झाल्यावर परत वाचतांना मात्र मनांत सर्वत्र 'आपण' असेंच वाचलें.

पत्राच्या अगदीं खालीं, सहीनंतर, त्यांनीं एक ओळ घातली आहे. बोलोन्यांत तीन दिवस पाऊस लागला आहे, म्हणून त्या लिहितात : 'येथें बुऑन तेम्पो आहे.'